वेगळा दिलेला कचरा वेगळाच राहू द्या : महापालिका आयुक्तांना खुले पत्र

माननीय आयुक्तसाहेब आणि सभागृहातले सर्व नगरसेवक,

सप्रेम नमस्कार.

येत्या आर्थिक वर्षापासून घरपट्टीच्या बिलात कचऱ्याचं उपभोक्ता शुल्क लावायचं आपण ठरवलंत. त्याच सभेत दुसराही ठराव झाला. घरोघरचा कचरा उचलण्याचं काम कचरावेचक बायकांकडून काढून घ्यायचं, ते एका ठेकेदाराला द्यायचं आणि त्याला टनावर पैसे मोजायचे. दोन्ही ठरावांचं समर्थन एकाच मुद्द्यावर झालं. लोकांची कचरा वेगळा करायची मानसिकताच नाही, त्यामुळे मिश्र कचराच येणार हे धरून चालावं लागतं, असं सांगण्यात आलं.

हे मला मान्य नाही. गप्प राहिले तर मान्य असल्यासारखं होईल, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे.

शुल्काला माझा विरोध नाही, हे आधीच सांगते. गाड्या, डिझेल, माणसांचे पगार, प्रकल्प, सगळ्याला पैसा लागतो आणि तो आम्हीच द्यायचा आहे. ओला-सुका वेगळा करायलाही आम्ही तयार आहोत. आमच्या गल्लीतली बरीच घरं कित्येक वर्षं ते करतच आहेत. आमचं दुखणं निराळं आहे. आम्ही घरात वेगळा केलेला कचरा आमच्या डोळ्यांदेखत तुमच्या गाडीत एकत्र होतो.

या प्रश्नाशी माझा संबंध दोन्ही टोकांनी आहे. एक टोक माझ्या स्वयंपाकघरात. दुसरं टोक कचरा डेपोच्या शेजारच्या गावात, जिथे माझ्या धाकट्या बहिणीला दिली आहे. तिच्या सासरच्यांची विहीर आहे, चांगली बांधीव. त्या विहिरीचं पाणी आज गुरंसुद्धा तोंडाला लावत नाहीत. पावसाळ्यात डेपोच्या ढिगाऱ्यातून काळं पाणी झिरपतं आणि ओढ्याला मिळतं. तिच्याकडे जेवायला बसलं की ताटावर दुसरं ताट पालथं घालून ठेवायचं आणि घास घेण्यापुरतं सरकवायचं, इतक्या माशा. उन्हाळ्यात ढीग आतून पेटतो. ज्वाळा दिसत नाहीत, नुसता धूर, तोही आठवडाआठवडा. तिचा मोठा मुलगा लग्नाचा झालाय, आणि गावाचं नाव ऐकून स्थळं मागे फिरतात. या गावाने शहराकडे काहीही मागितलं नव्हतं. आमच्या भाज्यांची देठं, शिळा भात आणि मुलांचे डायपर त्यांच्या शिवारात कुजतात आणि त्या बदल्यात त्यांना आठवड्यातून दोनदा पाण्याचा टँकर मिळतो.

बहिणीच्या घरून निघताना दर वेळी एकच प्रश्न मनात येतो. माझ्या घरचा ओला कचरा तिथे जायचं कारणच काय? आपल्या शहरांच्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त भाग ओल्याचा असतो. तो वेगळा राहिला तर त्याचं खत होतं किंवा गॅस होतो. सुक्याला भंगारच्या बाजारात भाव आहे. दोन्ही एकत्र झाले की ओल्याचं खत काचा-प्लॅस्टिकमुळे बाद आणि कागद-पुठ्ठा लडबडल्यामुळे बाद. मग सगळंच डेपोवर. तिथे हवेविना कुजून मिथेन तयार होतो आणि तोच आगीला कारण होतो. मुंबईत देवनारला १९२७ पासून कचरा टाकतात. २०१६ च्या जानेवारीत तिथे लागलेल्या आगीच्या धुराने आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. हे सगळं आपल्याला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे, तरीही लिहिते, कारण पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांनाही ते ठाऊक असायला हवं.

आता मानसिकतेचं.

पुण्यात जाऊन बघा. बाबा आढावांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि त्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था झाली. २००८ मध्ये पुणे महापालिकेने तिच्याशी करार केला. तेव्हापासून तिथली लाखो घरं दारात येणाऱ्या बाईच्या हातात दरमहा पैसे ठेवतात. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून वेगळे द्या, म्हणजे ते उघडावं लागणार नाही, असं त्या बायकांनी सांगितलं आणि घराघरातून तसे ठिपके काढले जाऊ लागले. सगळं पुणं आदर्श झालं असं मी म्हणत नाही. पुण्याच्या कचरा डेपोपायी उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी काय सोसलंय तेही महाराष्ट्राने पाहिलं आहे. पण सामान्य माणूस कचऱ्यासाठी पैसे देतो का, या प्रश्नाचं उत्तर तिथे रोज सकाळी मिळतं.

याउलट २०२५ मध्ये मुंबई महापालिकेने घराच्या आकारानुसार दरमहा १०० ते १,००० रुपये शुल्काचा मसुदा पुढे ठेवला, तेव्हा केवढा विरोध झाला! पुणेकर उदार आणि मुंबईकर कंजूष, असा याचा अर्थ कुणी लावू नये. याच मुंबईत १९९७ पासून एएलएमच्या, म्हणजे आपापल्या गल्लीची स्वच्छता पाहणाऱ्या रहिवाशांच्या, गटांनी गल्लोगल्ली खतखड्डे केले होते, घाटकोपरच्या जोशी लेनपासून त्याची सुरुवात धरतात. तेव्हा लोकांनी स्वतःचा वेळ दिला, पदरचे पैसे घातले. माझ्या मते फरक इतकाच आहे की पुण्यातल्या घराला आपला पैसा कुणाला गेला आणि त्याचं काय झालं ते दिसतं. घरपट्टीच्या बिलातल्या एका ओळीत ते दिसत नाही. आपला ठराव नेमका हा दिसणारा धागा तोडून ती ओळ आणतो आहे.

वेंगुर्ल्याचं उदाहरण तर आपल्या राज्यातलंच. छोटी नगरपरिषद, तेव्हाचे मुख्याधिकारी रामदास कोकरे, आणि ज्या डम्पिंगकडे लोक नाक दाबून पाहत तिथे आज बाहेरगावची माणसं प्रकल्प बघायला जातात. शेजारी पणजीत कचरा १६ प्रकारांत वेगळा होतो. इंदूरने घरोघरी शुल्क घेतलं, आणि २०१७ पासून स्वच्छ शहरांच्या स्पर्धेत त्याचं काय झालं ते देशाला माहीत आहे. देवगुराडियाचा जुना ढीग उपसून जमीन मोकळी केली आणि २०२२ मध्ये रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी, म्हणजे गाड्यांचं इंधन, बनवणारा प्रकल्प सुरू झाला. या सगळ्या गावांतली माणसं काही वेगळ्या मातीची नाहीत. संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान निघालं तेव्हा याच महाराष्ट्रात गावंच्या गावं हातात खराटा घेऊन बाहेर पडली होती. बोलावणारा खरा आहे असं वाटलं की लोक येतात.

केरळातल्या अलप्पुळामध्ये २०१२ साली, जिथे शहराचा कचरा टाकत त्या सर्वोदयपुरमच्या गावकऱ्यांनी शहराच्या गाड्या अडवल्या. शहराने दुसरं गाव शोधलं नाही. वॉर्डावॉर्डात खताच्या पेट्या बसवल्या, घराघरात खत करायचे पाइप आणि बायोगॅस दिले. आपल्याकडे औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, २०१८ च्या फेब्रुवारीत डेपोशेजारच्या नारेगावकरांनी गाड्या थांबवल्या तेव्हा काय झालं? दुसऱ्या जागेचा शोध. मार्चमध्ये मिटमिट्यात दगडफेक आणि लाठीमार, शहरात रस्तोरस्ती ढीग. बहिणीच्या गावातली तरुण मुलं आता गाड्या अडवायची भाषा करू लागली आहेत. त्यांना मी काय तोंडाने थांबवू?

माझ्या तक्रारी आता एकेक करून मांडते.

पहिली, घंटागाडीची. आमच्या भागातल्या गाड्यांना हिरवा आणि निळा असे दोन कप्पे आहेत. मधला पत्रा वर्षभरापूर्वी गंजून सुटला, नंतर तो काढूनच टाकला. सकाळी गाणं वाजतं, आम्ही खाली जातो. एका हातात ओल्याची बादली, दुसऱ्या हातात सुक्याची पिशवी. बादली आधी उपडी होते. वरून पिशवी पडते. भरणारा मुलगा पायाने सगळं आत दाबतो, कारण फेरी संपेपर्यंत गाडीत जागा पुरली पाहिजे. त्याला मी एकदा विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, “काकू, पुढे मोठ्या गाडीत एकच तोंड आहे.” त्याची चूक नाही. पण हे रोज पाहणाऱ्या सुनेला, मुलांना आणि शेजाऱ्यांना मी काय सांगू? माझ्या समोरच्या बिऱ्हाडात तीन डबे होते, आता एकच आहे. त्या घरातल्या बाई आळशी नाहीत. आपली मेहनत रोज फुकट जाताना त्यांनी पाहिली आणि थांबल्या. लोक वेगळं करत नाहीत असा जो अहवाल आपल्यासमोर येतो, त्यातली कितीतरी घरं अशी थकून थांबलेली आहेत.

दुसरी तक्रार टनावरच्या ठेक्याची, आणि ही मला सगळ्यांत गंभीर वाटते. मी जिल्हा बँकेत नोकरी केली. पैसा ज्या मापावर मिळतो ते माप फुगतं, हे कर्जप्रकरणं तपासताना मी आयुष्यभर पाहिलं. ठेकेदाराला वजनकाट्यावर पैसे मिळणार असतील तर ओला कचरा सोसायटीतच जिरवा असं तो कशाला सांगेल? ओला म्हणजे पाणी, पाणी म्हणजे वजन. घरात खत केलं की त्याचं उत्पन्न घटतं. सुका भंगारात गेला की घटतं. रस्त्याकडेची माती आणि बांधकामाचा राडारोडा गाडीत पडला की मात्र वाढतं. म्हणजे आम्ही नागरिक जितकं चांगलं वागू तितकं ठेकेदाराचं नुकसान. तो वाईट माणूस असायची गरजच नाही, करारच त्याला तसं वागायला लावतो. आणि या कराराचे पैसे आमच्या नव्या शुल्कातून जाणार.

तिसरी, कचरावेचक बायकांची. आमच्याकडे येणाऱ्या मावशींना प्रत्येक घराची पद्धत माहीत आहे. कुणाकडे आजारी माणूस आहे, कुणाच्या पिशवीत सुई असू शकते, कुणाकडे दुपारी जावं लागतं. मिश्र पिशवी दिसली की त्या ती दारातच खाली ठेवतात आणि म्हणतात, “ताई, एवढं निवडून द्या, मी वरच्या मजल्यावरून येते.” आमची सोसायटी वर्गीकरण शिकली ती या बाईंकडून, कुठल्याही फलकावरून नाही. त्या पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या, बाटल्या, पत्रा वेगळं काढतात आणि विकतात. त्यावर त्यांचं घर चालतं, आणि तेवढा माल डेपोवर जायचा वाचतो, त्यासाठी महापालिकेला एक पैसाही मोजावा लागत नाही. केंद्राच्या २०१६ च्या घनकचरा नियमांत कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्यायला स्पष्ट सांगितलं होतं. त्यांना सामावून घेण्याऐवजी आपण त्यांना रस्त्यावर आणताय. ठेकेदाराकडे त्यांना काम मिळेल, असं उत्तर मी ऐकलं आहे. किती जणींना, कुठल्या पगारावर आणि सुक्या मालावरचा त्यांचा हक्क राहणार की जाणार, हे ठरावात कुठे लिहिलेलं नाही.

चौथी तक्रार सोसायटीतल्या खताची. आम्ही पार्किंगच्या मागे विटांचे दोन हौद बांधले, नारळाचा काथ्या आणि वाळलेला पाला आणून ठेवला. एक हौद भरत असताना दुसरा मुरतो. उलथापालथ आणि ओलावा सांभाळला तर साधारण दीड महिन्यात काळंभोर, मातीचा वास येणारं खत हातात येतं. मुठीत दाबलं तर गोळा होतो, पाणी सुटत नाही, ही आमची परीक्षा. घरपट्टीत सवलत मिळेल असं जाहीर झालं होतं म्हणून अर्ज केला. तपासणीला आजवर कुणी फिरकलं नाही आणि सवलतही मिळाली नाही. आता नवं शुल्क आम्हालाही तेवढंच आणि ज्यांचा सगळा ओला कचरा गाडीत जातो त्यांनाही तेवढंच. यात कुठला न्याय आहे?

घातक कचऱ्याबद्दल थोडक्यात. फुटलेल्या ट्यूबलाइट, बॅटऱ्या, मुदत संपलेली औषधं, इंजेक्शनच्या सुया कुठे द्यायच्या, याला आपल्या शहरात उत्तर नाही. सॅनिटरी पॅड आणि डायपर उघड्या हातांनी निवडावे लागतात, ही आम्हा सगळ्यांनाच लाज वाटावी अशी गोष्ट आहे.

कचरा वेगळा करा हे आपल्या देशाने पहिल्यांदा ऐकलं असंही नाही. पर्यावरण कार्यकर्त्या अल्मित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, त्यातून २००० सालचे नियम आले, त्यातही वर्गीकरण होतं. २०१६ च्या नियमांनी तर डेपोवर फक्त निरुपयोगी, कशाचाच उपयोग नसलेला कचरा जावा असं म्हटलं. इतकी वर्षं नियम आहेत आणि मुलांच्या शाळेत त्यावर निबंधही लिहून घेतले जातात. त्या निबंधातलं एकही वाक्य आमच्या गाडीत खरं होत नाही.

म्हणून माझ्या मागण्या अशा :

१. टनावर पैसे देणारा करार रद्द करावा. पैसे किती घरांतून वेगळा कचरा रोज उचलला गेला यावर द्यावेत, आणि डेपोवर जाणारं वजन कमी झालं तर त्याचं बक्षीस द्यावं.

२. कचरावेचक बायकांचं काम त्यांच्याकडेच ठेवावं. ओळखपत्र, हातमोजे, बूट, ढकलगाडी, प्रत्येक प्रभागात सुका माल निवडायला पत्र्याची शेड आणि तिथे पाणी व स्वच्छतागृह द्यावं. सुक्या मालावरचा त्यांचा हक्क करारात लिहावा.

३. प्रत्येक गाडीतला मधला पत्रा परत बसवावा. ते जमत नसेल तर सोपा मार्ग आहे : ओला रोज, सुका आठवड्यातून ठरलेल्या दोन दिवशी. मोठ्या गाडीत भरतानाही दोन्ही वेगळे राहिले पाहिजेत. कचरा एकत्र करणाऱ्या गाडीचा दंड ठेकेदाराकडून घ्यावा, भरणाऱ्या मुलाच्या पगारातून नाही. आणि आम्ही मिश्र कचरा दिला तर आम्हालाही दंड करावा, तो आम्ही भरू.

४. शुल्काची रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवून जमा-खर्च दरमहा प्रभागनिहाय जाहीर करावा. ज्या सोसायट्या आणि घरं ओला कचरा जागेवर जिरवतात त्यांना शुल्कात सूट द्यावी आणि तपासणीला मुदत घालावी. झोपडपट्टीतल्या आणि एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांवर बंगल्याइतकंच शुल्क लावू नये.

५. सॅनिटरी कचरा वेगळा घ्यावा आणि घातक कचऱ्यासाठी प्रत्येक आरोग्य कोठीवर, म्हणजे सफाई खात्याच्या प्रभागातल्या ठाण्यावर, आठवड्यातून एक दिवस ठेवावा.

६. डेपोशेजारच्या गावासाठी तारीख द्यावी. कुठल्या महिन्यापासून तिथे कच्चा ओला कचरा उतरवणं बंद होणार, जुना ढीग केव्हा उपसणार, आणि तोवर पिण्याचं पाणी रोज मिळणार की नाही, हे ग्रामसभेत जाऊन सांगावं. तिथे आपण स्वतः जावं, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

एक ठोस प्रस्तावही देते. सगळं शहर एकदम जमणार नाही हे मला समजतं. आमचा एक प्रभाग घ्या. शुल्क तिथे पहिल्या महिन्यापासून वसूल करा, आमची हरकत नाही. गाड्यांमध्ये पत्रा बसवा, आहेत त्याच मावशींना काम करू द्या आणि तीन महिने प्रभागातून डेपोवर जाणाऱ्या कचऱ्याचं वजन रोज काट्यावर घेऊन चौकात फलकावर लिहा. आमच्या आणि आसपासच्या सोसायट्यांतली, मागच्या चाळींतली माणसं घरोघर फिरायला तयार आहेत. आम्ही संमतीपत्रांवर सह्या घ्यायला सुरुवात केली आहे. त्यात दोनच ओळी आहेत : मी कचरा वेगळा देईन आणि ठरलेलं शुल्क भरेन, महापालिकेने तो शेवटपर्यंत वेगळा ठेवावा. सह्या करणाऱ्यांत धुणीभांडी करणाऱ्या बायका आहेत, रिक्षावाले आहेत, आणि ज्यांनी डबे सोडून दिले होते त्या माझ्या समोरच्या बाईही आहेत.

तीन महिन्यांत वजन कमी झालं नाही तर लोकांची मानसिकता नाही असं आपण खुशाल म्हणा. तोवर ते वाक्य सभेच्या इतिवृत्तातून काढून टाकावं.

घरपट्टीची बिलं छापायला जाण्याआधी या पत्राला लेखी उत्तर मिळावं. भेटीची वेळ दिलीत तर सह्यांचे कागद घेऊन आम्ही येऊ, आणि आमच्याबरोबर मावशी आणि डेपोच्या गावातली दोन माणसंही येतील. त्यांना बाहेर बसवू नये, एवढी अट आहे.

आपली,
एक करदाती गृहिणी व निवृत्त बँक कर्मचारी